बहात्तर ठोके

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सातच्या सुमारास सोपान मैदानावर पळताना पडला. पंधराशे मीटरची चाचणी होती. तिसरी फेरी चालू होती. त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तो गेल्याचं सांगितलं. त्याचं वय तेवीस होतं. आम्ही एका खोलीत राहत होतो. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. दौंड तालुक्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघं बी.पी.एड. करत होतो. माध्यमिक शाळेत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण शिकवायचं, त्याचं हे वर्षभराचं प्रशिक्षण. लोकांना वाटतं, पीटीच्या मास्तरला शिट्टी आणि आवाज एवढ्या दोन गोष्टी पुरतात. माझ्याकडे त्यातली एकच होती, आणि ती दुकानात मिळते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, वाचनालय बंद करताना शिपायानं उठवावं लागणारा माणूस. बी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं नाही, बी.पी.एड.च्या लागलं. घरी शेती होती, तिच्यात माझ्यासारख्याचा उपयोग नव्हता. म्हणून मैदानावर आलो.

सोपानचं उलट होतं. त्याच्या घरची माणसं आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन फिरायची. वडिलांनी, म्हणजे आबांनी, दौंडजवळ चार एकर धरून शेती केली. पण आवाज मेंढरांमागचाच राहिला होता. सोपान बोलायला लागला की शेजारच्या खोलीतले भिंतीपलीकडून आमच्या बोलण्यात सामील व्हायचे.

आमच्या धंद्यात आदेश देणं ही पहिली विद्या. आदेशाचे दोन भाग असतात. 'दाहिने' हा सावध करणारा भाग. तो लांबवायचा. मग क्षणभर थांबायचं, आणि 'मूड' तोडून टाकायचं. पोरं वळतात ती त्या तोडण्यावर. माझं तोडणं पुढच्या दोन रांगांना ऐकू जायचं, मागच्या तीन रांगा पुढच्यांकडे बघून वळायच्या. पहिल्या सराव पाठाला मी आठवीचा वर्ग 'तेज चल' करून चालवला, आणि ऐन वेळी 'थम' हा शब्दच मला आठवेना. वर्ग शिस्तीत फाटकातून बाहेर पडला, रस्त्याला लागला आणि रसवंतीपर्यंत गेला. सोपाननं बांधावरूनच एक हाळी दिली तेव्हा थांबला. निरीक्षण करणाऱ्या सरांनी माझ्या पाठाच्या वहीत शेरा लिहिला : 'संचलन चांगले. वर्ग शाळेच्या हद्दीत ठेवावा.'

त्या दिवसापासून आमचा सौदा ठरला. पहाटे तो मला नदीकडे नेऊन आदेश द्यायला लावायचा, स्वतः लांब उभा राहायचा.

"आलं न्हाई! पुन्यांदा!"

"आता आलं का?"

"आलं, पर मास्तर आल्यावानी न्हाई आलं. पावना आल्यावानी आलं."

आणि दुपारी मी त्याला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायचो. हृदयाचे कप्पे, झडपा, शुद्ध आणि अशुद्ध रक्त. हे सगळं त्याला मेंढरांच्या वाड्यासारखं समजावून सांगितलं की पटकन समजायचं. इकडून आत, तिकडून बाहेर, मधे दार, आणि दार एकाच बाजूला उघडतं.

आरोग्याच्या प्रात्यक्षिकाची एक जाड वही असायची, तिला आम्ही जर्नल म्हणायचो. जोड्या करून एकमेकांची उंची, वजन, छाती आणि नाडी मोजायची. नाडी तीनदा : विश्रांतीतली, व्यायामानंतरची आणि पाच मिनिटं बसल्यावरची. दर आठवड्याला. कुणीही मोजत नसे. मागच्या बॅचची जर्नलं खोल्याखोल्यांतून फिरायची, त्यांतले आकडे दोन-चारानं इकडे-तिकडे करून उतरायचे. विश्रांतीतली नाडी मात्र कुणी बदलायचं नाही, कारण पुस्तकात ती बहात्तर दिली होती. आमच्या बॅचमध्ये पन्नास माणसं होती आणि पन्नासांची हृदयं मिनिटाला बहात्तर ठोके द्यायची. सर पानं उलटून सही करायचे.

मी पुस्तकी माणूस, म्हणून मला पुस्तक खरं आहे का ते बघायची हौस होती. मी खरोखर मोजायचो. जानेवारीत एका संध्याकाळी सोपानचं मनगट धरलं, तर ठोका मधेच गळाला. थांबून मग दोन घाईघाईनं आले. पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"सोपान, तुझी नाडी चुकतीय."

"कुठं चुकतीय?"

"मधेच थांबते."

"थांबत आसंल इचार करत. म्हनत आसंल, कुनाच्या हातात घावलो."

"मागं क्रॉस कंट्रीला तुला चक्कर आली होती."

"उपाशी व्हतो. तू लिही बहात्तर. समदी बहात्तर हायेत, मी एकला कशाला येगळा पडू?"

तो हसला. मीही हसलो आणि बहात्तर लिहिलं. त्यानंतर त्याच्या पानासाठी मी मोजलं नाही, उतरत गेलो.

दोन महिन्यांनी तो पडला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, जन्मापासूनचा दोष असावा. पुढे मी पुष्कळ वाचलं, जाणत्यांना विचारलं. चुकणारे ठोके पुष्कळ धडधाकट माणसांनाही असतात, नुसत्या नाडीवरून काही कळलं असतंच असं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. ते खरं आहे. पण जानेवारीत मला हे काहीच माहीत नव्हतं. मला शंका आली होती, आणि मी बहात्तर लिहिलं होतं, एवढंच माहीत होतं. जर्नलला मला पूर्ण गुण मिळाले.

मला शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नोकरी लागली. गावाचं नाव लिहीत नाही. निमोण्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. शाळेत पीटीच्या सरांचं काम काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ज्या विषयाचे सर रजेवर, त्या विषयाचा तास पीटीचा. पाहुणे येणार, लेझीम पीटीची. झेंड्याची दोरी अडकली, पीटीचे सर वर. कुणी कुणाला दगड मारला की दोघांना पीटीच्या सरांकडे पाठवायचं. एवढं उरकून आमचा जो तास उरेल त्यात मैदानावरचे सराटे वेचायचे, कारण अनवाणी पोरांना त्यावर पळवता येत नाही. पहिली दोन वर्षं मी मुलांना धावणं शिकवलं की सराटे वेचणं, हे सांगणं अवघड आहे. पण मैदान केलं. चुन्याच्या फक्कीनं आखलेली दोनशे मीटरची फेरी, पाच पट्टे, वळणं काटेकोर. ते मैदान अजून तालुक्यात चांगलं समजलं जातं, आणि ते माझं आहे असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. आवाजही आला होता. चांगल्या मास्तराएवढा.

दर वर्षी जूनमध्ये मी प्रत्येक मुलाची नाडी मोजायचो. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की चुकणारा ठोका सुटू शकतो. तीनशे मुलं, तिन्ही वेळा, म्हणजे श्रावण उजाडायचा. शिक्षकखोलीत मला वैद्यबुवा म्हणायचे. "आमचीही बघा हो, श्रावणाच्या आत नंबर लागंल का?" असं विचारायचे. मनगट धरून एक मिनिट गप्प उभं राहिलं की मुलं आपण होऊन बोलतात, हा मला लागलेला शोध. सकाळपासून खाल्लं नाही, फळा दिसत नाही, रात्री खोकला येतो. कधी कधी मला वाटतं, मी शिकवण्यापेक्षा हे मिनिट जास्त कामाला आलं.

वैशाली नववीत होती. बाप वारलेला, आई कारेगावच्या एका कारखान्यात सफाईला जायची. घर चालायचं चुलत्यांच्या हुकमात. त्यांना सगळे बापू म्हणायचे. तेही सोपानच्या आबांसारखे मेंढपाळाचे शेतकरी झालेले, ग्रामपंचायतीत सदस्य, तापट पण पुतणीवर जीव टाकणारे. वैशाली आठशे मीटर अशी पळायची की बाकीच्या मुली दुसऱ्या शर्यतीत असल्यासारख्या दिसायच्या. तालुक्याला ती पहिली येणार हे शाळेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आमच्या शाळेला तोवर तालुक्यात काही मिळालं नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये ती आजारी म्हणून गैरहजर होती. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सरावानंतर मी तिची नाडी धरली. पाच मिनिटं बसल्यावर ती शंभराच्या आसपास यायला हवी होती. एकशे चाळीसच्या खाली येईना. आणि ठोके एका मापाचे नव्हते.

"जूनमध्ये काय झालं होतं गं?"

"ताप आल्ता सर. गुडघं सुजल्ते. पर लगीच बरं झालं."

या तापाविषयी मी वाचलं होतं. सांधे बरे होतात, पण तो हृदयाच्या झडपेला धरून बसलेला असू शकतो. मी तिला वह्या देऊन वर्गात पाठवलं आणि मुख्याध्यापकांकडे गेलो. तिला डॉक्टरनं नीट तपासल्याशिवाय मी पळवणार नाही असं सांगितलं.

"सर, दाखला आहे ना?" ते म्हणाले.

दाखला होता. पूर्ण संघाची एक यादी आणि खाली डॉक्टरांची एक सही, कुणालाही न तपासता केलेली. अशा याद्या मी स्वतः आधी सहीला नेलेल्या होत्या.

"मग तिच्या जागी दुसरी मुलगी पाठवा. पाटलांची आहे की."

पाटील शाळा समितीवर होते. त्यांची मुलगी दुसऱ्या नंबरावर होती. मी अजून काही ठरवलं नव्हतं, पण बातमी माझ्याआधी बापूंकडे पोचली. दुपारच्या सुट्टीत ते मोटारसायकल थेट माझ्या आखलेल्या पट्ट्यांवरून घेऊन आले.

"मास्तर, पोरगी वाघिनीवानी पळतीया आन् तुम्ही म्हनताय बसवा?"

"बापू, तिला पुण्याला हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. मी सोबत येतो."

"मला शिकवू नगा. आमची मेंढरामागची पोरगी पुढं ग्येली की डोळ्यात खुपती तुमच्या. जागा पाटलाच्या पोरीला करायची हाय. सरळ सांगा की तसं!"

"पाटलांची मुलगी जाणार नाही. आठशे मीटरला आपल्या शाळेचं नावच मी काढून टाकतो."

हे मी तिथंच ठरवलं, आणि संध्याकाळी नाव काढलं. त्यामुळे बापूंच्या जोडीला पाटीलही चिडले. गावात दोन्ही बाजूंना एकाच दिवशी नाराज करणं अवघड असतं. मला जमलं. पण वैशाली दवाखान्यात गेली नाही. बापू म्हणाले, माझी पोरगी ठणठणीत हाय, दुसऱ्या शाळेत घालतो आन् तिथनं पळवतो. ते बोलले की करायचे. शेजारच्या गावची शाळा तिला आनंदानं घेणार होती.

मी दोन रात्री विचार केला. बापू माझं ऐकणार नव्हते. त्यांच्या माणसांतल्या कुणी जाणत्यानं सांगितलं तर ऐकतील. असा एकच माणूस मला ठाऊक होता.

सोपानच्या आबांकडे मी दर पाडव्याला जायचो. बारा वर्षं. चहा घ्यायचा, पिकापाण्याचं बोलायचं, परत यायचं. आबा मला मास्तर म्हणायचे आणि सोपाननं केली असती ती चौकशी करायचे. मी रविवारी गेलो तेव्हा ते कांद्याला पाणी देत होते.

"आज कसा काय? पाडवा तर लांब हाय. बदली झाली का?"

मी वैशालीचं सांगितलं.

"मंग डाक्टरला सांग की. मी काय करू त्यात?"

तेव्हा मला बाकीचं सांगावं लागलं. जर्नल म्हणजे काय, आम्ही एकमेकांची नाडी कशी मोजायचो, जानेवारीतली संध्याकाळ, आणि मी काय लिहिलं. आबांचं फावडं थांबलं. पाणी एकाच वाफ्यात येत राहिलं.

"त्याला ठावं व्हतं?"

"मी सांगितलं होतं. तो हसला."

"हसनारच त्यो. आन् तू?"

"मीपण हसलो."

वाफा भरून फुटला आणि पाणी बांधावरून वाहू लागलं. आबांनी तिकडे पाहिलं नाही.

"बारा वरसं माझ्या घरी येऊन च्या पितोस."

"होय."

"आन् आज सांगतोस."

"आज गरज पडली, आबा."

"म्हंजी ही पोरगी आजारी न्हाई पडती, तर मला कवाच कळालं नसतं."

मी 'तसं नाही' असं म्हणू शकलो असतो. "नसतं," म्हणालो.

त्यांनी पाणी वळवलं, फुटलेला बांध फावड्यानं नीट केला, पाटात पाय धुतले. मग म्हणाले, "पोरीचं गाव कंचं?"

आम्ही दुपारच्या एसटीनं निघालो. शिरूरला गाडी बदलली. बापूंच्या ओट्यावर बसल्यावर त्यांनी आधी पावण्यारावळ्यांची चौकशी केली, कोण कुणाचा लागतो ते जुळवलं. बापूंचे मेहुणे आबांच्या भावकीत निघाले. मग पाणी पिऊन ते म्हणाले, "ह्यो मास्तर आन् माझा सोपान, दोघं एका खोलीत व्हते. माझं पोरगं पळता पळता ग्येलं. त्येबी ठनठनीत व्हतं."

बापू माझ्याकडे बघू लागले.

"त्याच्याकडं काय बघतोस? माझ्याकडं बघ. मला कुनी आदी सांगितलं असतं, तर म्या त्याला खांद्यावर घालून न्हेला असता. तुला सांगत्यात तर तू गाडीवर बसून भांडायला जातोस."

माझ्याविषयी ते एवढंच बोलले. कुणी सांगू शकलं असतं आणि सांगितलं नाही, हे त्यांनी त्या ओट्यावर काढलं नाही. पुढेही कुठे काढलं नाही.

स्टँडवर त्यांना दौंडच्या गाडीत बसवताना मी हात जोडले. ते खिडकीतून म्हणाले, "औंदा पाडव्याला येऊ नगंस."

बापूंनी वैशालीला पुण्याला नेलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. दोन वर्षं इंजेक्शनं आणि गोळ्या चालल्या, मग ऑपरेशन झालं. ती बरी झाली. बापू त्यानंतर मला भेटले की आधी गाडी लांब लावून चालत यायचे. आभार मानणं त्यांना जमायचं नाही, ते मैदानाकडे बघून "सराटं लई माजल्यात" असं काहीतरी म्हणायचे आणि पुढच्या रविवारी चार माणसं पाठवून सगळं साफ करून द्यायचे.

वैशाली मात्र वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आता ती कारेगावात राहते, एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, तिला एक मुलगी आहे. भेटली की अजून म्हणते, "सर, त्या साली मी पहिली आले असते." मी म्हणतो, आली असतीस. ते खरंच आहे.

त्या पाडव्याला मी आबांकडे गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आपल्याला तिथे जायचा हक्क उरला नाही, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या वर्षी सोपानचा धाकटा भाऊ ज्ञानू शिरूरच्या बाजारात भेटला. म्हणाला, "आबा इचारत्यात, मास्तर कुठं ग्येला." पाडव्याला गेलो. आबा ओसरीवर बसले होते.

"दोन वरसं कुठं व्हतास?"

"तुम्हीच येऊ नको म्हणाला होतात."

"औंदा म्हनलो व्हतो. कायमचं म्हनलो व्हतो का?"

मग ज्ञानूच्या बायकोला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. त्या दिवशी ते सोपानविषयी पुष्कळ बोलले. मेंढराचं कोकरू खांद्यावर घेऊन कसा पळायचा, शाळा चुकवून कुठे बसायचा. आधीच्या बारा वर्षांत ते माझ्यासमोर कधी असे बोलले नव्हते. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर सोपान आमच्या बोलण्यात येऊ लागला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शाळेत माझ्या जागी एक तरुण बाई आल्या आहेत. त्यांचा आवाज चांगला आहे. पहिल्याच जूनमध्ये मी त्यांना मोजायची पद्धत दाखवली. त्यांनी विचारलं, "पंधरा सेकंद पुरत नाहीत का सर?" मी का ते सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या बहात्तरासकट. आता ते सांगायला मला बारा वर्षं लागत नाहीत. त्या मोजतात.

आबा जाऊन चार वर्षं झाली. त्या घरात सोपानविषयी बोलायला आता ज्ञानू आणि मी, असे दोघंच उरलो आहोत.